हंगाम हातात असतानाच मोजा

शेतीच्या एखाद्या प्रकल्पाचा वार्षिक अहवाल उघडून पाहा. किती शेतकऱ्यांना प्रशिक्षण दिले, किती पिशव्या बियाणे वाटले, किती एकरांवर ठिबक बसले, किती शेततळी खोदली, निधी किती खर्च झाला, हे सगळे त्यात तपशीलवार असते. एकरी उतारा किती वाढला आणि तो कशामुळे वाढला, हे मात्र बहुतेक अहवालांत सापडत नाही. सापडलेच तर शेवटच्या पानावर ‘लक्षणीय वाढ झाली’ एवढ्या एका वाक्यात. ज्यांच्या शेतात हे सगळे घडले त्यांना तो अहवाल कधी दाखवलाही जात नाही.

हा लेख शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक, गटशेतीचे प्रमुख, पाणलोट समितीचे सदस्य आणि गावोगाव फिरणारे संस्थांचे कार्यकर्ते यांच्यासाठी आहे. सरकारी भाषेत ज्याला ‘सनियंत्रण व मूल्यमापन’ म्हणतात, ते तुम्ही कुठल्या ना कुठल्या रूपात करत असताच. देणगीदाराला तिमाही तक्ता पाठवायचा असतो, तालुक्याला प्रगती कळवायची असते. माझे म्हणणे एवढेच आहे, की त्याच कष्टात उत्पादन वाढवता येते. त्यासाठी मोजणी अशा वेळी व्हायला हवी, की तिच्यावरून याच हंगामात एखादा निर्णय बदलता येईल. आणि मोजलेला आकडा ज्याच्या शेतातून आला त्याच्याकडे परत जायला हवा.

नेमके काय वाढवायचे आहे?

महाराष्ट्राने या प्रश्नाची मोठी किंमत मोजली आहे. २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणी अहवालात पिकांखालील एकूण क्षेत्राशी सिंचनाखालील क्षेत्राचे प्रमाण २००१-०२ मध्ये १७.८ टक्के आणि २००९-१० मध्ये १७.९ टक्के असल्याचे छापून आले. धरणांवर आणि कालव्यांवर हजारो कोटी रुपये खर्च होऊन वाढ केवळ ०.१ टक्का! त्यावरून राजकारण ढवळून निघाले. २०१२ च्या अखेरीस जलसंपदा विभागाची श्वेतपत्रिका आली, तिच्यात ही वाढ ५.१७ टक्के असल्याचे म्हटले होते. राज्य एक, काळही जवळपास तोच, आणि आकडे इतके वेगळे. त्या वादात कोण खरे होते हा या लेखाचा विषय नाही. प्रकल्प चालवणाऱ्याने त्यातून उचलायची गोष्ट अशी : खर्च आणि बांधकाम यांची नोंद काटेकोर होती, पण ‘सिंचित क्षेत्र’ म्हणजे काय, ते कोण मोजणार आणि कशाच्या तुलनेत मांडणार, यावर आधीपासून एकमत नव्हते. ते नसले की शेवटी प्रत्येकाकडे आपापला आकडा असतो.

तुमच्या प्रकल्पातही असेच होऊ शकते, म्हणून पहिल्याच बैठकीत ‘उत्पादकता’ कशात मोजायची ते लिहून ठेवा. एकरी क्विंटल हे सर्वांत सोपे माप. पण जिथे जानेवारीतच विहिरी तळ गाठतात, तिथे एकरापेक्षा पाण्याचे माप अधिक खरे ठरते. तेवढ्याच पाण्यात किती क्विंटल निघाले, हे तिथे विचारायला हवे. जिथे मजुरीने कंबरडे मोडले आहे, तिथे निंदणीला आणि काढणीला लागणारे मनुष्यदिवस मोजा. आणि सगळीकडे, अगदी सगळीकडे, एकरी निव्वळ शिल्लक मोजा. उतारा दोन क्विंटलने वाढला आणि खते-औषधांचा खर्च त्याहून जास्त वाढला, तर शेतकऱ्याच्या हाती काय पडले? सोयाबीन-तुरीसारखी आंतरपिके असतील तर क्षेत्र कसे धरायचे तेही आधी ठरवा. एकाने पूर्ण एकर सोयाबीनच्या नावावर लिहिला आणि दुसऱ्याने तुरीच्या ओळी वजा केल्या, तर दोघांचे उतारे एका तक्त्यात बसवता येणार नाहीत.

मापे तीन-चारच ठेवा. पंचवीस रकान्यांचा फॉर्म भरून घेणारा कार्यकर्ता दहाव्या शेतापर्यंत थकतो, आणि अकराव्यापासून बांधावर उभे राहून अंदाजाने आकडे लिहू लागतो.

उताऱ्याच्या आधीच्या पायऱ्या

उतारा कळतो तो मळणीनंतर. तेव्हा त्या हंगामापुरते काही करता येत नाही. म्हणून उताऱ्यापर्यंत पोहोचवणाऱ्या पायऱ्या ओळखा आणि त्या ज्या आठवड्यात ओलांडल्या जातात त्याच आठवड्यात मोजा. मराठवाडा-विदर्भातल्या कोरडवाहू सोयाबीनचे उदाहरण घेऊ, कारण तिथल्या बहुतेक गटांचे खरिपाचे मुख्य पीक हेच आहे.

पहिली पायरी मे महिन्यात, घरातच येते : उगवणशक्ती. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, ओल टिकवायची, आणि आठवडाभरात चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर एकरी तीस किलोचे नेहमीचे प्रमाण चालते. साठच उगवले, तर तीसला सत्तरने गुणून साठने भागा : एकरी पस्तीस किलो लागेल. फारच कमी उगवले तर ते बियाणे पेरूच नये, पर्याय शोधायला अजून वेळ असतो. गटातल्या प्रत्येक घराने ही चाचणी केली का आणि किती दाणे उगवले, ही दोन रकान्यांची नोंद संपूर्ण हंगामातली सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत फायद्याची नोंद आहे.

दुसरी पायरी पेरणीची तारीख आणि त्या दिवसापर्यंतचा पाऊस. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, अशी कृषी विद्यापीठांची शिफारस आहे. किती जणांनी त्याआधी पेरले, एवढे टिपून ठेवा. दुबार पेरणीची वेळ आलीच तर ती कोणावर आली, हे या रकान्याशी जोडून पाहता येईल, आणि पुढच्या जूनमध्ये घाई करणाऱ्याला समजावण्यासाठी त्याच्याच गावचा पुरावा तुमच्या हाती असेल.

तिसरी पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते : रोपांची संख्या. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन रोपांत ५ सेंटिमीटर अंतर धरले, तर एक मीटर ओळीत वीस रोपे हवीत, म्हणजे हेक्टरी सुमारे ४ लाख ४४ हजार. पेरणीनंतर दहा-बारा दिवसांनी एक मीटरची काठी घेऊन शेतात पाच ठिकाणी रोपे मोजा. बांधाजवळ नको, वाट जाते तिथेही नको. शेत तिरके ओलांडत जा आणि थोड्या थोड्या अंतरावर, रोपांकडे न पाहता काठी टाका. एका शेताला पंधरा मिनिटे पुरतात. वीसच्या जागी बाराच रोपे असतील, तर पुढे खत, फवारणी, तणनाशक यांवर कितीही खर्च केला तरी ती तूट पूर्ण भरून निघत नाही.

इथे या मोजणीचा खरा उपयोग सुरू होतो. चाळीस शेतांचे आकडे आले, त्यांतल्या पंधरा शेतांत रोपे कमी आहेत. ही पंधरा शेते वेगळी काढा आणि त्यांच्यात समान काय आहे ते शोधा. एकाच पिशवीचे, एकाच लॉटचे बियाणे असेल, तर दोष बियाण्यात असू शकतो आणि तक्रारीसाठी बिल, पिशवी, टॅग जपून ठेवण्याचा निरोप त्याच दिवशी जायला हवा. वेगवेगळे बियाणे पण पेरणी एकाच ट्रॅक्टरने झाली असेल, तर खोली तपासा. सोयाबीन तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल गेले की त्याची उगवण मार खाते. फक्त भारी जमिनीतच रोपे कमी असतील, तर पेरणीनंतर पाणी साचले का ते विचारा. पुढच्या वर्षी त्याच शेतांत रुंद वरंबा-सरी पद्धतीचा विचार करता येईल. काही शेतांत नांग्या भरणे याच आठवड्यात शक्य असते. ‘यंदा उगवण बरी नाही झाली’ असे सगळेच म्हणतात. मोजणीमुळे त्या वाक्याचे पंधरा शेते, तीन कारणे आणि या आठवड्यात करायची दोन कामे असे रूपांतर होते.

त्यानंतर कोळपणी-निंदणी वेळेवर झाली का, फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना पावसाचा खंड किती दिवसांचा पडला, त्या वेळी संरक्षित पाणी कोणाला देता आले, एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. पिके बदलतील, पायऱ्या बदलतील. उसात फुटव्यांची आणि गाळपालायक उसांची संख्या मोजावी लागेल, भातात चुडांची. तुमच्या पिकाच्या पायऱ्या कृषी विज्ञान केंद्राच्या विषय विशेषज्ञाकडून आणि गावातल्या सर्वांत जुन्या, सर्वांत चांगल्या शेतकऱ्याकडून, दोघांकडूनही समजून घ्या.

किडीच्या बाबतीत राज्याने घेतलेला धडा

२००८ च्या खरिपात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला आणि विदर्भातली शेतेच्या शेते काही दिवसांत बोडकी झाली. कीड वाढत असल्याचे वेळेवर सांगणारी व्यवस्था तेव्हा नव्हती. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, राज्याच्या कृषी विभागाने कृषी विद्यापीठे आणि केंद्रीय संशोधन संस्थांच्या मदतीने ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू केला. ठरलेल्या शेतांत ठरलेल्या दिवशी जाऊन किडी मोजायच्या, आकडे वर पाठवायचे, तज्ज्ञांनी ते पाहून सल्ला द्यायचा आणि तो सल्ला गावापर्यंत परत पोहोचवायचा, अशी ती साखळी. तिच्यातले मोजणे आणि सल्ला हे दोन टोकांचे दुवे एकत्र बांधलेले आहेत, म्हणून मी ती मुद्दाम सांगतो आहे. मोजले आणि वर पाठवले, इथेच जी व्यवस्था थांबते ती शेतकऱ्याच्या कामाची नाही.

हीच साखळी गटाच्या पातळीवर अधिक वेगाने चालते. कपाशीतल्या गुलाबी बोंडअळीचे पाहा. एकरी दोन कामगंध सापळे लावा आणि रोज सकाळी पतंग मोजा. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा जास्त पतंग आले, तर आर्थिक नुकसानीची पातळी आली असे समजतात. त्याच्या जोडीला एकरातून वीस हिरवी बोंडे इकडून-तिकडून तोडून फोडून पाहा. दोन बोंडांत अळी दिसली तरी ते दहा टक्के झाले, उपाय करायला हवा. एकही नसेल तर त्या आठवड्याची फवारणी वाचली. वाचलेल्या फवारणीचाही आकडा ठेवा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना झालेल्या विषबाधेने शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे जीव घेतले. त्यानंतर तरी प्रत्येक प्रकल्पाने फवारण्यांची संख्या आणि फवारणाऱ्याकडे हातमोजे-मास्क होते की नाही, हे उत्पादकतेच्याच तक्त्यात धरायला हवे. माणसाच्या जिवावर उठणारी उत्पादनवाढ कोणत्याही प्रकल्पाने यश म्हणून मांडू नये.

उतारा मोजताना

आपल्याकडे पीक किती आले हे नजरेने ठरवण्याची रीत जुनी आहे. आणेवारी, पुढे पैसेवारी, याच रीतीतून आल्या. ‘आठ आणे पीक’ असे म्हणणाऱ्या अनुभवी माणसाची नजर पुष्कळदा बरोबरही असते, पण त्या नजरेत सारामाफीची अपेक्षा, सरकारची भीती, मागच्या वर्षाची आठवण असे बरेच काही मिसळते. १९४० च्या दशकात डॉ. पां. वा. सुखात्मे आणि डॉ. वि. गो. पानसे यांनी या नजरअंदाजाच्या जागी शास्त्रशुद्ध पीक कापणी प्रयोगांची घडी बसवली. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकीचे काम पाहू लागले आणि उतारवयात पुण्यात स्थायिक झाले. पीक विम्याची भरपाई ठरवताना आजही जे कापणी प्रयोग होतात, त्यांचे मूळ या कामात आहे.

सुखात्म्यांनी दाखवलेली एक गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावी : कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उतारा खोटा जास्त दिसतो. रेषेवर आलेले रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न येतो तेव्हा हात नकळत ते आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितकी त्याची कडा त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने लांब, आणि तितकी ही चूक मोठी. म्हणून एक मीटर चौकोनाच्या कापणीवर विसंबू नका.

गटासाठी पाच मीटर बाय पाच मीटरचा तुकडा सोयीचा पडतो. तो पंचवीस चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पाव गुंठा. त्यातून निघालेल्या धान्याचे किलोतले वजन ४०० ने गुणले की हेक्टरी आणि १६२ ने गुणले की एकरी किलो मिळतात. तुकड्यात पाच किलो सोयाबीन निघाले, तर एकरी ८१० किलो, म्हणजे आठ क्विंटलच्या थोडे वर. तुकडा कुठे आखायचा हे शेतमालकाने किंवा कार्यकर्त्याने ठरवू नये. दोघेही चांगला भाग निवडतात, आणि त्यात लबाडी असतेच असे नाही. शेताच्या एका कोपऱ्यापासून किती पावले लांबीने आणि किती रुंदीने जायचे, याच्या चिठ्ठ्या काढा. दोरी आणि खुंट्या सोबत न्या, कर्णही मोजा, चौकोन तिरपा झाला तर क्षेत्र बदलते. पाच मीटरच्या चौकोनाचा कर्ण सात मीटर सात सेंटिमीटर भरायला हवा.

ओलाव्याकडे दुर्लक्ष करू नका. एका शेतात अठरा टक्के ओलाव्याचे सोयाबीन मोजले आणि दुसऱ्यात बारा टक्क्यांचे, तर तुलना चुकेल. अठरा टक्क्यांचे शंभर किलो बारा टक्क्यांवर आणले की सुमारे त्र्याण्णव किलो भरतात. ओलावामापक कंपनीच्या खरेदी केंद्रावर असतोच, तो शेतात न्या.

सगळ्या सभासदांच्या शेतात कापणी शक्य नसते आणि गरजही नसते. दोनशे सभासद असतील तर तीसेक शेते पुरतील, पण ती चिठ्ठीने निवडा, आणि हलक्या, मध्यम, भारी जमिनींच्या, कोरडवाहू आणि पाण्याखालच्या शेतांच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या ठेवा. एरवी होते असे, की रस्त्यालगतची, प्रगत म्हणवणाऱ्या शेतकऱ्यांची शेते निवडली जातात आणि माळावरचा अल्पभूधारक कुठल्याच आकड्यात येत नाही. उरलेल्या सभासदांचा उतारा आडत्याच्या पट्टीवरून किंवा कंपनीच्या खरेदी पावतीवरून काढता येतो. घरी खायला आणि बियाण्यासाठी ठेवलेले पोते मात्र आठवणीने विचारा.

पाऊस चांगला झाला म्हणून वाढले, की तुमच्यामुळे?

महाराष्ट्रातली बहुतेक शेती पावसावर आहे, त्यामुळे एका वर्षाच्या उताऱ्याची मागच्या वर्षाशी सरळ तुलना केली तर प्रकल्पाला पावसाचे श्रेय मिळते किंवा पावसाचा दोष लागतो. यातून सुटण्यासाठी दोन गोष्टी लागतात : काम सुरू होण्याआधीची पायाभूत पाहणी, आणि प्रकल्पात नसलेल्या शेतांशी तुलना.

समजा, प्रकल्पातल्या शेतांचा उतारा दोन वर्षांत सहा क्विंटलवरून आठवर गेला. अहवाल लिहिणारा म्हणेल, दोन क्विंटलची वाढ. पण शेजारच्याच गावात, तशाच जमिनीत, प्रकल्पात नसलेल्यांचा उतारा साडेपाचवरून सातवर गेला. म्हणजे दीड क्विंटल पावसाने आणि त्या वर्षाच्या हवामानाने दिले, तुमच्या कामाचा वाटा अर्धा क्विंटल. हा आकडा लहान दिसतो म्हणून तो लपवू नका. त्या अर्ध्या क्विंटलमागे काय होते हे शोधलेत, तर पुढच्या वर्षी तो वाढवता येईल. उलटही घडते. दुष्काळी वर्षात प्रकल्पातला उतारा सहावरून पाचवर आला, सगळे निराश झाले, आणि बाहेरचा मात्र साडेपाचवरून तीनवर कोसळला होता. ते प्रकल्पाचे सर्वांत मोठे यश असते आणि तुलना केली नसती तर ते अपयश म्हणून नोंदले गेले असते.

बाहेरचे गाव शोधणे अवघड असेल, तर एकाच शेतकऱ्याच्या शेतात दहा-दहा गुंठ्यांचे दोन तुकडे ठेवा : एकात सुचवलेली पद्धत, दुसऱ्यात त्याची नेहमीची. शेतकऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी फरक दिसतो, आणि माझ्या मते पटवण्यासाठी याहून चांगले साधन नाही. पावसासाठी गावात साधा पर्जन्यमापक लावा. महसूल मंडळाच्या स्वयंचलित केंद्राचा आकडा उपयोगी आहेच, पण एका शिवारात पाऊस आणि पलीकडच्यात ऊन, हे आपल्याकडे नवीन नाही.

पाण्याचा हिशेबही याच पर्जन्यमापकापासून सुरू होतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. हजार हेक्टरच्या शिवारात पाचशे मिलिमीटर पडला, तर पन्नास लाख घनमीटर पाणी आले. त्यातले किती वाहून गेले, किती वाफ झाले, किती मुरले याचा अंदाज भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या माणसांकडून घ्या. ही यंत्रणा राज्यभरच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून त्यावरून पिके ठरवण्याची शिस्त लावली. पाऊस कमी, तर रब्बीचे क्षेत्र कमी. ऊस-केळीसारख्या पिकांना आणि शेतीसाठी विंधन विहिरींना गावाने स्वतःच मनाई केली. तिथला पाऊस आजूबाजूच्या दुष्काळी टापूपेक्षा वेगळा नाही. गावातल्या दहा-बारा विहिरींची पातळी दोरीने दर महिन्याला मोजून पारावरच्या फळ्यावर लिहायला कोणत्याही प्रकल्पाला खर्च येत नाही, आणि ऑक्टोबरच्या आकड्यावरून हरभरा करायचा की गहू, हे ठरवता येते.

कोण लिहिणार, कोण वाचणार

नोंदी ठेवायला गावातलीच माणसे निवडा, त्यांना मानधन द्या, आणि त्यांत बायका असू द्या. सातबाऱ्यावर नाव पुरुषाचे असते म्हणून प्रश्न त्यालाच विचारले जातात. पण निंदणीला किती दिवस लागले, कोणत्या ओळींत तण जास्त होते, शेंगा पोचट कुठे निघाल्या, हे ज्या बाईने ओणवे होऊन काम केले तिला माहीत असते. बचतगटातल्या कृषी सखींनी या नोंदी घेतल्या की असे तपशील सहज मिळतात. टोकणयंत्र आणले आणि त्यामुळे मजुरी करणाऱ्या बायकांचे दिवस बुडाले, असेही होऊ शकते. तेही त्यांच्याकडूनच कळेल, आणि कळायला हवे.

मोबाईलचे अ‍ॅप वापरा, पण प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी एक वही असू द्या. अ‍ॅपमधले आकडे कार्यालयात जातात, वही घरात राहते. अक्षांश-रेखांशासह काढलेला फोटो कार्यकर्ता शेतात गेला होता एवढेच सिद्ध करतो. त्याने रोपे मोजली का, हे तपासायला चिठ्ठी टाकून निवडलेल्या दहापैकी एका शेतात पर्यवेक्षकाने स्वतः पुन्हा मोजणी करावी. फरक आढळला तर आधी कारण विचारा. आणि कार्यकर्त्याचे मानधन किंवा शाबासकी चांगल्या आकड्यांशी बांधू नका. ‘उतारा वाढलेला दिसला पाहिजे’ असा दबाव एकदा आला, की त्या क्षणापासून तुमच्या हाती येणारा प्रत्येक आकडा निरुपयोगी होतो. शाबासकी वेळेवर आणि खऱ्या नोंदीला द्या, वाईट बातमी लवकर आणणाऱ्याला तर आवर्जून द्या.

हंगामात निदान तीन बैठका घ्या : उगवणीनंतर, फुलोऱ्यात आणि मळणीनंतर. प्रत्येक शेतकऱ्याला त्याचा आकडा आणि गटाचा मधला आकडा, असे दोन आकडे एका चिठ्ठीवर द्या. सरासरी टाळा, दोन बागायतदारांच्या भरघोस उताऱ्याने ती फुगते. सगळ्यांचे उतारे चढत्या क्रमाने लावून मधोमध येणारा आकडा घ्या. फळ्यावर नावे लिहायची झाली तर ज्याची त्याची परवानगी घ्या, कर्जाच्या आणि खर्चाच्या नोंदी तर कधीच उघड करू नका. बैठकीत भाषण नको. सारख्या जमिनीचे दोन शेतकरी, एकाचा उतारा नऊ आणि दुसऱ्याचा पाच, यांना समोरासमोर बसवून तारखा, खते, पाणी यांच्या वह्या ताडून पाहू द्या. अशा तासाभराच्या बोलण्यातून जे निघते ते बाहेरून आलेल्या तज्ज्ञाच्या व्याख्यानातून क्वचितच निघते. बैठक संपण्याआधी कोणती एक गोष्ट बदलायची, ती कोण आणि कधी करणार, हे लिहा. पुढच्या बैठकीची सुरुवात त्या ओळीपासून करा.

दोन-तीन हंगामांनंतरच्या मूल्यमापनात प्रकल्पातले कोणते काम बंद करायचे, हा प्रश्न ठेवाच. दहा कामांपैकी दोन-तीन कामेच बहुतेक फरक घडवतात, आणि बाकीची केवळ मंजूर आराखड्यात होती म्हणून चालू राहतात. त्यांचा निधी उपयोगी कामांकडे वळवायची मागणी आकड्यांसह करा. असे आकडे समोर असले की निधी देणारेही ऐकतात.

आणि प्रकल्प संपताना पुढच्या एका मोजणीचे पैसे बाजूला काढून ठेवा. अनुदान थांबल्यानंतर दोन वर्षांनी पुन्हा त्याच गावात जायचे आणि त्याच चिठ्ठीने निवडलेल्या शेतांत पाहायचे : ठिबकच्या किती नळ्या अजून चालू आहेत, किती गुंडाळून गोठ्यात टांगल्या आहेत, शेततळ्याचा कागद फाटला तेव्हा तो कोणी बदलला, पेरणीआधी शंभर दाणे मोजणारी घरे किती उरली, गट अजून एकत्र बियाणे घेतो का. ज्यांनी सोडून दिले त्यांच्या घरी अधिक वेळ बसा. त्यांनी का सोडले याची उत्तरे पुढच्या प्रकल्पाच्या आराखड्यात पहिल्या पानावर यायला हवीत.